वाडा, कोठे आणि कापूस : बाबांसोबत केन रिव्हरच्या काठी

अमेरिकेत आलेल्या आईवडिलांना काय दाखवायचं याची एक ठरलेली यादी असते, नायगारा, न्यूयॉर्क, जमलं तर ग्रँड कॅन्यन. बाबांनी ती यादी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "इथं कापूस कुठं पिकते?" बाबा खामगावच्या पुढचे, सगळं आयुष्य पऱ्हाटीत गेलेलं, त्यामुळे प्रश्न बरोबरच होता. नवरा म्हणाला टेक्सासातच सगळ्यात जास्त पिकतो, लबकला जाऊ. पण मला नुसती शेतं बघायला तासन्‌तास गाडी चालवायची नव्हती. शोधता शोधता लुईझियानातलं केन रिव्हर क्रिओल नॅशनल हिस्टॉरिकल पार्क सापडलं. कापसाची दोन जुनी प्लँटेशन्स, ओकलंड आणि मॅग्नोलिया, मालकाच्या घराभोवतीचे कोठे, कोठारं, दुकान, मजुरांच्या खोल्या, सरकी वेगळी करायचं जिनिंग, बरंचसं जागेवर उभं. डॅलसहून चार-सव्वाचार तास. ऑक्टोबर म्हणजे वेचणीचा सीझन. ठरलं.

शुक्रवार : रस्त्यातला कापूस

आय-ट्वेंटीनं पूर्वेला श्रीव्हपोर्ट, मग आय-फॉर्टीनाइननं दक्षिणेला, रस्ता एकदम सोपा, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. श्रीव्हपोर्ट मागे पडलं की रेड रिव्हरचं खोरं लागतं, सपाट गाळाची जमीन, आणि एका एक्झिटनंतर दोन्ही बाजूंनी पांढरं शेत. बाबा म्हणाले थांबव. थांबवली.

पहिली गोष्ट त्यांच्या डोळ्यात भरली ती कापूस नाहीच, पानं. "पऱ्हाटीले पानंच नाहीत व माय!" खरंच एकही पान नव्हतं, नुसत्या काड्या आणि त्यांना लटकलेली फुटलेली बोंडं. मशीननं वेचायच्या आधी इथे औषध फवारून पानगळ करतात, नाहीतर पानांचा कचरा कापसात जातो. बोंडं एकदम फुटावीत म्हणूनही फवारणी असते. मग एकाच फेरीत सगळं शेत साफ. आमच्याकडे पहिला वेचा, दुसरा वेचा, तिसरा, मग पाणी असलं तर फरदड, असं करत करत संक्रांत उलटते. बाबा बराच वेळ बांधावर उभे. शेताच्या टोकाला पिवळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले माणसाहून उंच गोल गठ्ठे पडलेले होते, वेचणारं मशीनच ते बांधून मागे टाकत जातं.

गाडी बिघडली का बघायला एक पिकअपवाला थांबला. साठीचा माणूस, टोपी, चिखलाचे बूट, शेत त्याच्या चुलतभावाचं. मी सांगितलं की वडील भारतात कापूस पिकवतात तर त्यानं खाली उतरून बाबांशी हात मिळवला. बाबांनी लगेच मुद्द्याचं विचारलं, गुलाबी बोंडअळीचं काय करता? तो म्हणाला ती आम्हाला नाही. नंतर नवऱ्यानं फोनवर बघितलं, अमेरिकेनं २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी देशातून संपली असं जाहीर केलंय. म्हणजे आमच्याकडे २०१७ ला ती अळी बीटीला पुरून उरली आणि पुढच्याच वर्षी यांनी तिचा निकाल लावला. त्या माणसाच्या आजोबांच्या तोंडी मात्र बोल वीव्हिल असायचा, तो सोंडकिडा, मेक्सिकोतून १८९२ च्या सुमाराला टेक्सासात आला आणि तिथून सगळा दक्षिण भाग खात गेला. बाबांनी एक बोंड मागितलं, त्यानं पाच-सहा तोडून दिली. बाबांनी रुई ओढून धागा बघितला, सरकी दातानं फोडली, आणि "चांगला आहे" एवढंच म्हणाले. बाबांच्या तोंडून हे फार मोठं सर्टिफिकेट असतं.

(शेतात उतरू नका, जमीन खाजगी असते, आणि पानगळीची फवारणी ताजी असू शकते. रस्त्याच्या कडेला थांबून बघायचं.)

संध्याकाळी गावात पोचलो. नकाशावर गावाचं नाव Natchitoches असं आहे, ते तसंच वाचून कोणाला विचारू नका, लोकांना समजणार नाही, "नॅकटिश" म्हणायचं. १७१४ मध्ये फ्रेंचांनी वसवलेलं गाव, न्यू ऑर्लिन्सपेक्षाही जुनं. गावातून वाहते ती केन रिव्हर, खरं म्हणजे वाहत नाही. हा रेड रिव्हरचाच जुना प्रवाह, मुख्य नदीनं पात्र बदललं आणि हा भाग तळ्यासारखा मागे राहिला. विटांचा फ्रंट स्ट्रीट, लोखंडी जाळीच्या गॅलऱ्या, एक १८६३ पासूनचं हार्डवेअरचं दुकान, त्यात बाबा आणि नवरा असे रमले की मला बाहेर बाकावर बसून वाट बघावी लागली. बाबांनी तिथे विळ्याची धार बोटानं तपासली. घेतलं काही नाही.

जेवणाचं सांगते कारण आपल्या लोकांना उपयोगी पडेल. इथली खासियत मीट पाय, करंजीच्या आकाराची तळलेली, २००३ पासून राज्याचा अधिकृत पदार्थ वगैरे. आत बीफ आणि पोर्क असतं. ज्यांना चालतं त्यांनी जरूर खा, नवऱ्यानं खाल्ली आणि परत मागवली. राजमा दिसला म्हणून शाकाहारी समजू नका, रेड बीन्समध्ये हमखास सॉसेज असतं, विचारून घ्या. बाबांचं भागलं ते तळलेल्या भेंडीवर आणि कॉर्नब्रेडवर. मी कूलरमध्ये दशम्या आणि ठेचा घेतलाच होता, तो कॉर्नब्रेडला लावून खाल्ला तर वाढणाऱ्या मुलीनं वास घेऊन विचारलं हे काय आहे. तिला दिला चिमूटभर. तिनं आतून स्वयंपाक्याला बोलावून आणलं. तोही खाऊन बघून म्हणाला की थोडा ठेवून जा.

शनिवार : ओकलंड

सकाळी नदीवर दाट धुकं होतं. गावातून नदीकाठच्या रस्त्यानं दक्षिणेला वीसेक मिनिटं, मोबाईलची रेंज येऊन जाऊन, तेव्हा नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा. पार्कला तिकीट नाही. आवारात आपलं आपण फिरता येतं पण मुख्य घर आतून बघायचं असेल तर टूरच्या वेळा पार्कच्या साइटवर बघूनच निघा, त्या बदलतात. डासांचं औषध घ्या, फुल पँट घाला, आणि गवतात उभं राहून फोटो काढताना पायाखाली लाल मुंग्यांचं वारूळ नाही ना बघा. खायला आसपास काहीही मिळत नाही.

रस्त्यापासून घरापर्यंत ओकची दुतर्फा झाडं, फांद्या एकमेकांत गेलेल्या. आणि त्याच्या टोकाला ते घर. सिनेमात दिसतात तसे पांढरे खांब आणि भव्य पायऱ्या डोक्यात ठेवून गेलात तर निराश व्हाल. हे बसकं, रुंद, चहुबाजूनं पडवी असलेलं, विटांच्या खांबांवर जमिनीपासून उचललेलं घर आहे. फ्रेंच क्रिओल, म्हणजे इथल्या जुन्या फ्रेंच वसाहतीच्या पद्धतीचं. खालून वारा खेळतो, पूर आला तर पाणी खालून जातं. प्रुडोम नावाच्या फ्रेंच घराण्यानं अठराव्या शतकाच्या शेवटी, इथे स्पेनचं राज्य असताना, ही जमीन मिळवली. आधी तंबाखू आणि नीळ, मग कापूस. घर १८२१ च्या सुमाराला पूर्ण झालं. पार्कच्या पाट्यांवर एक गोष्ट आडवळण न घेता लिहिलीय ती मला आवडली, की हे घर गुलामांनी बांधलं. "बांधण्यात आलं" असं नाही.

टूरला आम्ही आणि आर्कान्साचं एक जोडपं. रेंजर बाई बडबड्या होत्या. भिंती कशाच्या आहेत ते सांगायला त्यांनी एका डब्यातून स्पॅनिश मॉस काढलं, ते झाडांवरून दाढीसारखं लोंबतं ते, आणि म्हणाल्या, सायप्रसच्या लाकडाच्या चौकटीत चिखल, हे मॉस आणि जनावरांचे केस तुडवून भरायचे. मी भाषांतर करायच्या आत बाबा म्हणाले, "कुडाची भिंत." मग त्यांना प्रश्नच प्रश्न सुचले. शेण नाही का घालत? ओल धरत नाही का? किती वर्षांनी लिंपता? रेंजरबाईंना शेणाचा प्रश्न आधी कोणी विचारला नसावा, त्यांनी वहीत लिहून घेतला.

आतमध्ये खोलीतून खोली, मधे पॅसेज असा नाहीच. पलंग, आरसे, चिनीमातीची भांडी, असतं ते सगळं. खरं सांगू का, मला आतलं फारसं आठवत नाहीये. बाग लक्षात राहिली, फुलांच्या वाफ्यांच्या कडा रिकाम्या बाटल्या उलट्या पुरून केल्यात, आणि पलीकडे दोन उंच खुराडी दिसली, पिजनिए, कबुतरांची. हौस म्हणून पाळलेली नव्हेत, पिल्लं मालकाच्या ताटात जायची, आणि कबुतरांचं घर असणं म्हणजे आपण मोठे असणं, ही चाल फ्रान्समधून आलेली.

तेवढ्यात पाऊस आला. आकाशात काही नव्हतं आणि दहा मिनिटांत टिनावर धो धो. सगळे पडवीत. या पडवीचा उपयोग काय ते टूरमध्ये ऐकण्यापेक्षा तिथे कोरडं उभं राहून कळतं, इतकं खोल छप्पर की वाऱ्यासकट पाऊस भिंतीपर्यंत पोचत नव्हता. आर्कान्सावाल्या काकांनी थर्मासमधून कॉफी वाटली, मी चिवडा काढला. काकू म्हणाल्या त्यांच्या भाचीचं लग्न असल्याच एका प्लँटेशनवर झालं, मिसिसिपीच्या बाजूला, खूप सुंदर डेकोरेशन होतं. रेंजरबाई एवढंच म्हणाल्या, "इथे लग्नं लावत नाही." मला ते बरोबर वाटलं. कोणाला पटेल, कोणाला नाही.

पाऊस थांबल्यावर मागचं आवार बघितलं आणि माझ्या मते ओकलंडला यायचं ते यासाठीच. देखरेख करणाऱ्या मुकादमाचं घर, स्वयंपाकिणीचं घर, मक्याची कोठारं, कोंबड्यांची खुराडी, सुतारशाळा, खेचरांचा कोठा. मालकाच्या वाड्यापेक्षा बाबा या कोठ्यात जास्त वेळ. इथे नांगराला बैल नसायचे, खेचरं असायची. गव्हाणीच्या फळीचा वरचा काठ जनावरांनी मान घासून घासून गोल केलेला, बाबांनी त्यावरून हात फिरवला. पुढे सिमेंटचा एक लांब अरुंद खोल चर, दोन्हीकडे उतार. नवरा म्हणाला गाड्या धुवायचा रॅम्प असेल. बाबा म्हणाले, "गोचीड." आणि ते बरोबर निघालं! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोचीड-तापानं जनावरं मरायची म्हणून गुरांना आर्सेनिकच्या पाण्यातून पोहत न्यायचे, हा त्याचा हौद. बाबा त्यानंतर तासभर नवऱ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघत होते.

आणि मग दुकान. प्लँटेशन स्टोअर.

इथे जरा थांबते. यादवी युद्ध संपलं १८६५ ला, गुलामगिरी कायद्यानं गेली, पण जमीन मालकाचीच राहिली आणि सुटलेल्या माणसांकडे ना जमीन ना खेचर ना बियाणं. मग बटई. मालक जमीन, बी, औजार देणार, कुटुंब राबणार, पीक वाटून घ्यायचं. पण पीक येईपर्यंत खायचं काय? ते या दुकानातून. पीठ, चरबी, तंबाखू, बूट, रॉकेल, कापड, सगळं उधार. वहीत नोंद. कापूस जिनला गेला की हिशोब, वाट्यातून उधारी वजा, उरलं तर हातात. बहुतेक वर्षी फार काही उरायचं नाही, कधी उलट बाकी निघायची आणि ती पुढच्या वर्षावर. मालक, दुकानदार, सावकार आणि कापसाचा भाव सांगणारा, चौघंही एकच माणूस. हे दुकान १९८३ पर्यंत चालू होतं. मी जन्मले तेव्हा चालू होतं म्हणजे!

मी हे सगळं बाबांना सांगत होते, ते काउंटरवर हात ठेवून ऐकत होते. "कृषी केंद्र," ते म्हणाले. आमच्या तालुक्यातली निम्मी शेती बियाणं, खत, औषध कृषी केंद्रातून उधार घेते, आणि कापूस त्याच्याच ओळखीच्या व्यापाऱ्याला जातो. "फक्त या माणसाची जमीनबी त्याचीच होती. आमची निदान सातबाऱ्यावर तं आमची आहे."

नवऱ्याचं गाव बारामतीकडच्या सुप्याजवळ. त्यानं तिथे उभं राहून अख्खा इतिहासाचा तास घेतला, आणि पहिल्यांदाच मला तो कंटाळवाणा वाटला नाही. झालं असं की १८६१ ला इथे युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, हा न्यू ऑर्लिन्सला जाणारा कापूस अडकला. मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी. मग सगळी नजर मुंबईकडे, भाव आभाळाला भिडले, कापसाचा बडा व्यापारी प्रेमचंद रायचंद, समुद्रात भराव घालणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअर्सचा जुगार, शेतकऱ्यालाही सावकार उशाशी येऊन कर्ज देऊ लागला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, मुंबईच्या बँका बुडाल्या, शेतकऱ्याचं कर्ज तेवढं राहिलं, वर सारावाढ. दहा वर्षांनी, १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या दुकानांवर जाऊन रोखे, खतं, वह्या बाहेर काढून जाळल्या. दख्खनचे दंगे. पुढे १८७९ चा शेतकरी कायदा त्यातूनच आला. आणि आमचं खामगाव? तिथली रेल्वेची फांदी १८७० ला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं येऊन उघडली ती काही आमच्या प्रेमापोटी नाही, कापसाच्या गाठी मुंबईला न्यायला.

"म्हणजे यायचं भांडण झालं म्हून आमच्या गावाले रेल्वे," बाबा म्हणाले. "आन्‌ तुमच्या गावाले दंगा." नवरा म्हणाला हो बाबा, थोडक्यात तसंच.

शनिवार दुपार : मॅग्नोलिया

गाडीत बसून दशम्या खाल्ल्या आणि पुढे निघालो. मॅग्नोलिया त्याच नदीवर आणखी खाली, पंधरा-वीस मिनिटं. इथे मालकाचं घर खाजगी आहे, बघता येत नाही, झाडांतून दिसतं तेवढंच. मूळ घर १८६४ च्या रेड रिव्हर मोहिमेत उत्तरेच्या सैन्यानं जाळलं, आत्ताचं १८९० च्या दशकातलं. लेकोंत आणि हर्टझॉग ही इथली घराणी. पण घर नाही तेच बरं, सरळ कामाच्या इमारतींकडेच जाता येतं. दुकान, लोहारशाळा, आजारी गुलामांना ठेवायचा दवाखाना, ज्याचं नंतर मुकादमाचं घर झालं, आणि जिनिंगचा प्रचंड कोठा.

दोन्ही प्लँटेशन्सपैकी एकच बघायला मिळणार असेल तर या जिनच्या कोठ्यासाठी मॅग्नोलियाच बघा. आत लाकडी स्क्रू प्रेस आहे, १८३० च्या दशकातला, अमेरिकेत मूळ जागेवर उभा असलेला एकुलता एक. एक अख्खं झाड कोरून केलेला आटेदार स्क्रू, त्याला लांब दांडे, दांड्याला जुंपलेली खेचरं तेलाच्या घाण्यासारखी गोल फिरायची आणि स्क्रू खाली उतरून रुई दाबून गाठ बांधायची. बाजूला नंतरच्या वाफेच्या काळातली मशिनरी. एका छपराखाली दोन जमाने. बाबांना प्रेसपेक्षा जिनमध्ये रस. दातेरी करवती फिरून सरकीपासून रुई ओढतात, एली व्हिटनीनं १७९४ ला पेटंट घेतलं ती हीच कल्पना. बाबांची आजी घरी रेच्यावर कापूस काढायची, दोन लाटण्यांमधून, दिवसभरात पायलीभर सरकी. व्हिटनीच्या यंत्राबद्दल शाळेत शिकलो तेव्हा वाटलं की मशीन आलं म्हणजे माणसाचं काम हलकं झालं असेल. उलटं झालं. सरकी काढायचं काम झटक्यात व्हायला लागलं म्हणून कापूस लावणं परवडायला लागलं, म्हणून आणखी जमीन, म्हणून आणखी गुलाम, कारण वेचणी हातानंच होती. मशीननं वेचायला पुढे दीडेकशे वर्षं लागली.

तिथून शेताच्या बाजूला गेलं की विटांच्या आठ खोल्या, रांगेत. गुलामांच्या. लाकडी नाही, पक्क्या विटांच्या, म्हणून टिकल्या. एका इमारतीत दोन कुटुंबं, मधे सामायिक धुराडं, खोली म्हणजे चार पावलं इकडे चार तिकडे. १८६५ नंतर त्याच खोल्यांत बटईवाले राहायला लागले, आणि पार १९६० च्या दशकापर्यंत राहिले. मग ट्रॅक्टर आणि वेचणारी मशिनं आली, माणसांची गरज संपली.

तिथे एका खोलीच्या दारात एक आजी घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, ऐंशीच्या आसपास, डोक्यावर मोठी हॅट, सोबत नातू फोनवर. मी हॅलो म्हणून पुढे जाणार तर त्यांनीच विचारलं कुठले तुम्ही. सांगितलं. मग त्यांनी सांगितलं की त्यांची आजी इथलीच, या नाही, पलीकडे जी खोली आता उरलीच नाही तिथली, आणि त्या स्वतः लहान असताना नदीच्या पलीकडच्या शेतात कापूस वेचायच्या. बाबा ताबडतोब खाली बसले, पायरीवर.

पुढची वीस मिनिटं मी नुसती टेलिफोनची तार होते. त्यांची पिशवी खांद्याला अडकवून मागे फरफटत न्यायची, पोरांना छोटी, बायकांना नऊ-दहा फुटी. बाबा म्हणाले आमच्याकडे बाया कमरेला ओटी बांधतात. त्या म्हणाल्या दहिवराचा कापूस जड भरतो म्हणून आम्ही पहाटेच जायचो! बाबा एवढे हसले. कारण ते मालकाच्या बाजूचे, आयुष्यभर दहिवराचा कापूस नको म्हणून बायांशी वाद घातलेले. मी हे सांगितल्यावर आजींनी त्यांच्याकडे बोट करून "अहा" असं काहीतरी म्हटलं, त्याला भाषांतर लागलं नाही. मग भाव. बाबांनी सांगितलं वेचणीला किलोमागं दहा-बारा रुपये पडतात. त्यांनी नातवाला डॉलरमध्ये करायला लावलं, तो आकडा ऐकून भुवया वर गेल्या आणि विचारलं, "आणि ती काय खाते?" बाबा जरा गप्प. मग म्हणाले, सांग त्यांना, मलेबी फार उरत नाही. सांगितलं. आजी म्हणाल्या, हो, आमचा मालकही हेच सांगायचा.

बाबा काही बोलले नाहीत. उठताना आजींनी त्यांचे हात उलटेसुलटे करून बघितले, आणि म्हणाल्या, "हा वेचलेला आहे, नुसता मोजलेला नाही." खरंय, बाबा लहानपणी दुसऱ्यांच्या शेतात वेचायला जायचे, जमीन नंतर झाली. गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "बाई तिखट आहे." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले.

(टिप : मॅग्नोलियाला ओकलंडपेक्षा सावली कमी. पाणी घेऊनच जा. आणि मजुरांच्या खोल्या आधी बघा, जिन नंतर, दुपारचं ऊन टळतं.)

रविवार : मेलरोझ आणि परत

सकाळी आधी आयल ब्रेव्हेलचं सेंट ऑगस्टिन चर्च. बाहेरूनच, प्रार्थना चालू होती. हे चर्च क्रिओल लोकांनी, म्हणजे फ्रेंच आणि आफ्रिकन अशा मिश्र वंशाच्या मोकळ्या लोकांनी स्वतःसाठी उभारलेलं. त्यांची मूळ पुरुष म्हणजे एक बाई, मारी तेरेज क्वँक्वँ. १७४२ ला गुलाम म्हणून जन्मली, एका फ्रेंच व्यापाऱ्यापासून दहा मुलं झाली, १७७८ मध्ये मोकळी झाली, स्वतःच्या तुकड्यावर तंबाखू पिकवून आपल्या काही मुलांना विकत घेऊन सोडवलं. गोष्ट इथेच थांबवली तर फार छान वाटते. पण पुढे त्या कुटुंबाकडे मोठी शेती झाली आणि त्यांनीही गुलाम ठेवले. नवऱ्याला हे पचत नव्हतं. बाबांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

मेलरोझ हे त्याच कुटुंबाचं प्लँटेशन, १७९६ ला तिच्या मुलाला, लुईला, जमीन मिळाली, १८४७ ला हातचं गेलं, कापसाचा भाव पडल्यावर कर्जात. (पुन्हा तेच.) इथे तिकीट आहे. आवारात आफ्रिकन हाउस नावाची विचित्र सुंदर इमारत, खाली विटा, वर लाकूड, आणि छप्पर एवढं बाहेर आलेलं की इमारत टोपीखाली झाकल्यासारखी. जिना चढून वर गेलं की क्लेमेंटाइन हंटर.

ही बाई मेलरोझवर आधी शेतात मजूर, मग घरात स्वयंपाकीण. मालकीणबाई चित्रकार-लेखकांना राहायला बोलवायची, कुणीतरी मागे सोडून गेलेल्या रंगांच्या ट्यूब हिला मिळाल्या आणि पन्नाशीच्या पुढे ही चित्रं काढायला लागली, खिडकीच्या पडद्यावर, बाटल्यांवर, मिळेल त्यावर. १९५५ मध्ये तिनं या वरच्या मजल्याच्या भिंतींसाठी मोठी चित्रं केली. त्यात कापूस वेचणाऱ्या बाया, लग्न, बाप्तिस्मा, मयत, शनिवारची दारू आणि हाणामारी. मोठ्या घरातल्या लोकांना चित्रात फारशी जागा नाही. त्याच वर्षी गावातल्या कॉलेजात तिच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं, पण काळी म्हणून तिला गोऱ्या लोकांबरोबर आत जाता येत नव्हतं, कॉलेज बंद असताना एका ओळखीच्यानं मागून आत नेऊन तिचीच चित्रं तिला दाखवली. १९८८ ला गेली, शंभरी ओलांडून.

वेचणीच्या चित्रासमोर बाबा उभे राहिले आणि म्हणाले बायांच्या पिशव्या बरोबर काढल्यात, पण बोंडं फार मोठी आहेत. गाइड म्हणाली, बऱ्याच जणांना ती फुलं वाटतात.

परतताना रस्त्यात पेकान विकणारा एक ट्रक दिसला, या दिवसांत नवीन माल येतो, सोललेले महाग पडतात, सालीसकट घ्या आणि तिथेच फोडून मागा, पुष्कळांकडे फोडायचं मशीन असतं. आम्ही पिशवीभर घेतले. तुम्ही ह्यूस्टनहून येणार असाल तर श्रीव्हपोर्टला न जाता नॅकडोचेसवरून सरळ पूर्वेला या, टू-लेन रस्ता आहे पण जंगलातून. न्यू ऑर्लिन्सला जाणारे बहुतेक जण रिव्हर रोडवरची ऊसाची मोठी प्लँटेशन्स बघतात, त्यातलं व्हिटनी २०१४ च्या डिसेंबरपासून खास गुलामांच्या बाजूनं मांडलेलं आहे, ते घ्या यादीत. पण ते ऊसवाल्यांनी बघावं असं बाबांचं मत पडलं. नवरा बारामतीकडचा असल्यामुळे पुढची ट्रिप त्याच्या नावावर टाकलीय.